उजव्या दाराचं हँडल

मी खोगीरं शिवते. ताक्वारेंबोत हे सगळ्यांना ठाऊक आहे.
तरी विल्मार एचेवेरीनं एकावन्न सालचा बेडफर्ड ट्रक
ट्रॅक्टरला बांधून माझ्या दारात आणून उभा केला
आणि म्हणाला, हाही घोडाच, जरा म्हातारा इतकंच.

आत काही म्हणून नव्हतं.
सीटच्या जागी स्प्रिंगांचा सांगाडा, त्यात कोंबड्यांनी मांडलेला संसार,
छताचं कापड लोंबतं,
कागदपत्रांचा पुठ्ठ्याचा कप्पा उंदरांनी
कडा तेवढ्या सोडून फस्त केलेला.

असली कामं मला आवडतात. कुणाला सांगत नाही.

पुठ्ठा रात्रभर भिजवला, लाकडी ठोकळ्यावर चढवला,
दोऱ्यांनी आवळून उन्हात ठेवला.
तिसऱ्या दिवशी वाजला, वाळल्या भोपळ्यासारखा.
सीटमध्ये घोड्याचे केस भरले, ते माझ्याकडे पोत्यानं आहेत.
जुन्या कव्हराचे तुकडे उसवून त्यांवरून कातडं बेतलं.
ड्रायव्हरच्या बाजूचा तुकडा चार बोटं जास्त रुंद निघाला.
"बाबांसाठी वाढवून घेतला होता," विल्मार म्हणाला.
"सरळ काप. मी बारीक आहे."
कापला.

राहिलं एक हँडल. उजव्या दाराची काच खाली-वर करायचं.
त्यासाठी तो मोंतेविदेओच्या जुन्या बाजारात तीनदा जाऊन आला,
रिवेराला जाऊन सीमेपलीकडे ब्राझीलमध्ये विचारून झालं.
एकानं फोर्डचं दिलं, एकानं कपाटाचं,
एकानं नुसतेच पैसे घेतले.
पाच महिने त्या दारावर
पडलेल्या दाताची जागा दिसत राहिली.

मग जुलै आला, थंडी, डुकरं कापायचे दिवस.
सुल्मा आत्याच्या अंगणात सॉसेज भरायला सगळे जमलो.
ती यंत्र फिरवत होती, विल्मार वरून मांस घालत होता,
आणि घालता घालता थांबला.
आत्याच्या मुठीत बेडफर्डचं हँडल.

"हे होय? तुझ्या बापानंच आणून बसवलं.
यंत्राचं मोडलं होतं, आणि तू वाटभर
काच खाली-वर, खाली-वर. सगळी धूळ आत.
एका दगडात दोन पक्षी."

"दे."
"अजून चाळीस किलो दळायचंय."

शेवटी एका रात्रीच्या बोलीवर मिळालं.
ओलिवेरानं ते वाळूत दाबून साचा घेतला,
दोन जुने पिस्टन वितळवून ओतले.
गार होताना धातू आकसतो, म्हणाला,
नवं केसभर लहानच होणार, त्याला इलाज नाही.
मुठीवरची खाच मात्र हुबेहूब उतरली.
भोक बसेना. दोन दुपारी कानस चालवली.
अस्सल होतं ते पहाटेच यंत्रावर परत गेलं,
धुऊन, ठरल्याप्रमाणे.

परवा पहिल्या फेरीला त्यानं मला शेजारी बसवलं.
सीट चांगली झालीय, मीच सांगते.
गावाबाहेर कच्चा रस्ता लागला तशी
मी काच खाली केली. वर केली. खाली केली.

"धूळ येतेय," तो म्हणाला.
बापासारखं म्हणाला का, मला काय ठाऊक.
मी त्याच्या बापाला कधी पाहिलं नाही.
फक्त बसण्याचं माप माहीत आहे,
चार बोटं जास्त.