गट नंबर ८१

महापेच्या प्रयोगशाळेत माती येते
कापडी पिशव्यांतून, अर्धा-अर्धा किलो.
ही मात्र लुगड्याच्या काठानं बांधलेली.
आत चिठ्ठी: गट नं. ८१, पऱ्हाटी, कोरडवाहू,
अनसूया टेकाम.

चाळणीवर राहिली एक सरकी, तुसासकट.
कोपरखैरण्याला नेली, खिडकीत
रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली.

अहवाल रोजच्यासारखा:
नत्र कमी. पालाश भरपूर, यंदा देऊ नये.
झिंक सल्फेट हेक्टरी पंचवीस किलो.
हेक्टर मी पाहिलेलं नाही कधी,
लिहिलंय हजारदा.

भाद्रपदात डब्यातली पानं लाल झाली,
शिरा तेवढ्या हिरव्या.
मॅग्नेशियम, हे तोंडपाठ.
पण एका झाडाला किती?
दहा हजार चौरस मीटरनं भागत बसले,
उत्तर चिमटीतही सापडेना.

शेवटी चिठ्ठीवरचा नंबर लावला.
"पाती लागली का?"
तीन, म्हटलं.
"मंग कायले घाबरता? डब्याले खालून भोक पाडा,
पाणी तुंबलं असन."
जरा थांबली.
"पालाश नको म्हणता,
तं त्या पैशाचं काय करू, थेबी लिहा ना."

छापील अहवालात तसा रकाना नाही.
खिळा तापवून
मी डब्याला तीन भोकं पाडली.