विरजण

एप्रिलची अकरावी रात्र. वर, खडकाच्या पाठीवर,
साडेतीन हजार माणसं गाढ झोपलेली.
इथे खाली, ग्रॅनाइट पोखरून काढलेल्या बोगद्यांत,
ऋतू कळतो तो पाण्यात बुडवलेल्या काटकुळ्या सेन्सरवरून.
काल साडेअकरा अंश. आज आठ पूर्णांक नऊ.
केर्त्तु चष्मा कपाळावर सरकवते:
"आली गं, इदिल. आली लोंढ."

हेलसिंकीच्या छपरांवरचा, ट्रामच्या रुळांतला,
पाच महिने थिजलेला बर्फ
एका दुपारच्या उन्हानं सैल झालाय
आणि निघालाय आमच्याकडे.
बरोबर रस्त्यावरचं मीठ, खडी, कुणाचा तरी एकच हातमोजा,
आणि रोजचं ते सारं
जे साखळी ओढली की शहर विसरून जातं.
सेकंदाला आठ हजार लिटर.

माझे वडील बोरामाचे. तिथे पाणी
वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमधून घरी यायचं.
मी मनात भागाकार केला: दर सेकंदाला चारशे कॅन.
मग हिशेब तसाच सोडला,
चार नंबरचा पंप कण्हायला लागला होता.

पहिल्याच आठवड्यात केर्त्तुनं मला टाकीच्या काठावर उभं केलेलं.
खाली तपकिरी, फेसाळ, खदखदणारं काहीतरी.
"गाळ म्हणू नकोस. विरजण आहे ते.
माझी आई सावोहून लग्न होऊन आली तेव्हा
विरजणात भिजवून वाळवलेलं एक फडकं
कोटाच्या अस्तरात शिवून घेऊन आली.
थोडं मागे ठेवायचं, उद्याच्या दुधाला लावायचं.
इथंही तेच. खाली बसलेलं परत फिरवायचं,
नव्या पाण्याला लावायचं.
हे जीव आपलं नको ते सगळं खातात.
फक्त गारठ्यात त्यांच्या तोंडाची चव जाते."

आज चव गेली होती.
अमोनियाचा आकडा चढत होता,
निवळणीच्या टाक्यांत गाळाची साय वर, आणखी वर.
दोन वितींचं अंतर उरलं.
ती काठावरून सांडली की सोळा किलोमीटरचा बोगदा
आणि मग समुद्रच.
अख्खं विरजण जाणार. पुन्हा लागायला जून उजाडेल.

केर्त्तुचा भाऊ उर्पो तिकडे बेटांमागे जाळी टाकतो.
ज्या ऑगस्टात समुद्र वाटाण्याच्या सूपासारखा हिरवा होतो
त्या ऑगस्टात तो बहिणीला फोन करतो
आणि काहीच बोलत नाही.

दोन चाळीसला तिनं बगलेचं दार पाव उघडलं.
"अर्धवट पाणी सोडतेयस?"
माझा आवाज खडकाला आपटून परत आला.
"अर्धवटच. कचरा काढलेलं, तेल काढलेलं,
लोहक्षार घालून बसवलेलं,
पण आपल्या जिवांनी न शिवलेलं.
थोडं जाऊ देते. सगळं जायला नको."
नोंदवहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला,
सही केली. सही पुन्हा एकदा गिरवली.

मग उर्पोला फोन. पहाटेचे तीन.
कोळी जागाच होता.
त्यांचं बोलणं सगळं मिळून अकरा शब्दांचं झालं,
त्यातले चार "हो".

पाच दहाला साय बसायला लागली.
दार मिटलं. अडीच तास.
केर्त्तुनं डब्यातलं दही दोन चमचे खाल्लं,
तिसरा तसाच ठेवला, झाकण लावलं.

सकाळी घरी गेले तर वडील न्हाणीघरात.
"रात्रभर काय केलंस गं?"
पाणी मोजलं, म्हटलं.
आत नळ बंद झाला.
थोडा वेळ नुसता साबणाचा आवाज,
आणि मग ते म्हणाले,
"किती होतं?"