बॅटरी

महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी साडेनऊला,
फिल्म क्लबवाले थेटर भाड्यानं घेतात.
पंखे निम्मेच लावायचे, असं मालकांचं.
मी दारात. हातात बॅटरी.
सिनेमा मी सरळ कधी बघत नाही,
पडद्याकडं पाठ करून उभा राहतो,
म्हणजे कोण उठलं, कोण बिडी काढतंय, कळतं.
पडद्यावरचं जे काही
माणसांच्या तोंडांवर येऊन पडतं
तेवढंच माझ्या वाट्याला.

काल तोंडं बराच वेळ निळसर राहिली.
मग आणखी जरा निळसर.

"ओ, अडकलं काय?"
चौथ्या रांगेतून नेमगोंडा चौगुले,
यार्डातले हळदीचे अडते, नखांच्या कडा अजून पिवळ्या.
"अडकलं न्हाई," क्लबचा पोरगा म्हणाला, "बाई खिडकीत बसलीय."
"मगाधरनं?"
"मगाधरनं."

आरवाडे सर अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा कुजबुजीत
बायकोला सांगत होते, यालाच अवकाश म्हणतात.
बायको झोपली होती. चष्म्यासकट.

कॉलेजातली दोघं अंधारासाठी आलेली.
पण सिनेमात दुपारच संपेना,
तिच्या नाकातली चमकीसुद्धा मला दारातून दिसत होती.
शेवटी दोघं गुमान सिनेमाच बघू लागली.

कुणीतरी भडंगाची पुडी फोडली.
एरवी हाणामारीत, गाण्यात, कोण ऐकतंय?
काल खुर्चीखुर्चीला कळलं
एका मुठीत शेंगदाणे किती आले.

तासाभरानं निम्मी माणसं गेली.
जाताना माझ्याकडं अशी बघायची
जसं काही मीच बसवलंय त्या बाईला खिडकीत.
मुमताज शिकलगार तेवढी थांबली, पार्लरवाली.
म्हणाली, पोरीनं केस एकदाबी विंचरलं न्हाईत,
अन् तरी त्यो बघतोयच की वो.
हे ती तक्रारीसारखं म्हणाली.
पण परत जाऊन बसली, दोन रांगा पुढं.

मग नेमगोंडा उठले. पैसे परत मागायला दारापर्यंत आले,
पडदा बाजूला सारायला हात वर केला,
जाता जाता एकदा मागं वळून बघितलं,
आणि हात तसाच राहिला.

"चादर पिळाय लागलीत," ते म्हणाले.
मी त्यांचं तोंड बघत होतो.
"कोण?"
"ती दोघं. एक टोक तिच्याकडं, एक ह्याच्याकडं."
"मग?"
"मग काय. पिळतायत."
पाणी पडत असणार, कारण तोंडावर त्यांच्या
बारीक बारीक उजेड खाली ओघळत होता.
बराच वेळ गेला.
"एवढं न्हाई पिळायचं," पडद्याला म्हणाले, "फाटंल."

आणि मग मला, का कुणाला, काय माहीत:
"आमची ही डावरी होती.
मी हिकडं फिरवलं की तीबी तिकडंच फिरवायची.
पीळच बसायचा न्हाई, नुसती चादर गरगर.
सासूबाई हसायच्या.
मग मी उलटं शिकलो."
बोटं त्यांची हवेत डावीकडं वळली,
अजून सवय होती.

पैसे त्यांनी मागितले नाहीत.
उभ्यानंच बघितला राहिलेला सगळा,
आणि मधेमधे मला सांगत राहिले:
चहा उतू गेला.
उठला.
न्हाई, बसला परत.

दिवे लागल्यावर क्लबच्या वहीत लोकांनी लिहिलं.
एकानं, फार संथ. एकानं, पुन्हा दाखवा.
एकानं फक्त, पंखे.
आरवाडे सरांनी पानभर.
नेमगोंडांनी पेन घेतलं, झाकण काढलं, झाकण लावलं,
आणि पेन खिशात घालून निघून गेले.
क्लबचं पेन. मी काही बोललो नाही.

दुपारी घरी गेलो. ही नळाशी होती.
म्हटलं, चादर धुवायची असंल तर सांग.
"परवाच धुतली की."
म्हटलं, मग टॉवेल.