पाच किलोचं माप

"ब्रेक धरतोय," कारखानीसबाई म्हणाल्या.
सगळे तेच म्हणतात.
आधीच्या गॅरेजवाल्याने दोनदा पॅड बदलले, एकदा कॅलिपर.
बिलं दाखवली मला,
जुन्या एक्स-रेसारखी जपून ठेवलेली.

रविवारी बॅलार्ड इस्टेटमध्ये बोलावलं.
बंद शटरं, दगडी कमानी, सावलीला एक कुत्रा
आणि गाडी मनासारखी गोल फिरवायला रस्ता.

स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. पहिला गिअर.
ॲक्सिलरेटरवर पाय नाही.
निरोगी गाडी अशी फिरत राहते, जात्याच्या पाळीसारखी.
ही पाव घेरातच जड झाली.
क्लच दाबला, आणि थांबलीच
कुणीतरी मागून शर्ट धरल्यासारखी.
टायर कुरकुरले.
कुत्रा उठून पलीकडच्या कमानीखाली गेला.

"बाई, हा ब्रेक नाही."

वळताना पुढची चाकं मोठा घेर घेतात,
मागची आतल्या आत कापून जातात.
दोघांच्या चालीत फरक पडायचाच.
तो गिळायला मध्ये एक बंद डबा असतो:
आत पातळ चकत्या,
एक पुढच्यांची, एक मागच्यांची, परत एक पुढच्यांची,
एकमेकींना न टेकता,
आणि भोवती सिलिकॉन, काकवीहून चिवट.
काकवी तापली की सैल होते.
हे तापलं की आवळतं.

माझगावला गॅरेजात आणली.
मागचं एक चाक जॅकवर घेतलं,
पुढे दगड लावले, हँडब्रेक सोडला, गिअर तसाच ठेवला.
हबच्या नटाला चार फुटी पाइप, आडवा.
पाइपच्या टोकाला टांगायला वजन हवं होतं.
समोरच्या रामसजनकडून
कांद्याच्या तराजूतलं पाच किलोचं माप मागून आणलं.

डावा खांदा माझा वर्षभर वर जात नाही.
नायरच्या डॉक्टरीणबाई हात धरून वर नेतात,
"इथपर्यंत?"
"इथपर्यंत."
वहीत अंश लिहितात. मागच्या महिन्यापेक्षा चार कमी.
म्हणून माप शाबीरने टांगलं,
मी नुसतं घड्याळ धरलं.

चांगला डबा असेल तर पाइप हळूहळू खाली येतो,
अर्ध्या मिनिटात, जास्तीत जास्त एका.
एक मिनिट.
शाबीरने चहा सांगितला.
तीन मिनिटं.
बाई पाइपकडे बघत होत्या,
ओटीवरच्या दिव्याकडे बघावं तशा.
सात मिनिटांनी पाइप करंगळीएवढा सरकला असेल,
किंवा मला तसं वाटलं.

टायर बघितले.
पुढचे दोन कोरे, मागचे गुळगुळीत.
"मुलाने घातले. सेल होता. दोनवर सूट होती."
प्रत्येक फेरीला दोन बोटांचा फरक, बाई,
सरळ रस्त्यावरसुद्धा,
दीड वर्ष, दर शनिवारी लोणावळा.
डबा काय करेल? तापत राहिला. आवळत राहिला.
"उघडून साफ नाही करता येणार?"
नाही. कारखान्यातच सील करतात त्याला, जन्मभरासाठी.
नवा बसवायचा, आणि चारही टायर एका मापाचे.
त्यांनी आकडा विचारला. मी सांगितला.
पर्सची चेन त्यांनी उघडली, परत लावली.

मग प्रॉपशाफ्ट उतरवला.
तात्पुरतं, म्हटलं, आता फक्त पुढची चाकं ओढतील, चिखलात नेऊ नका.
गल्लीच्या तोंडाशी त्यांनी स्वतः फुल लॉक मारला.
गाडी फिरली.
कुरकुर नाही, अडखळ नाही.
एक घेर पुरला असता.
त्यांनी पाच घेतले,
काच खाली करून, मान थोडी बाहेर,
ऐकत.

रामसजन माप मागायला आला.
तोवर दोन, दोन आणि एक लावून धंदा चालवत होता.
उजव्या हाताने दिलं.
गमछ्याने ग्रीस पुसलं त्याने,
तळव्यावर तोललं,
आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला,
"घिसा तो नहीं ना?"