नमुना सतरा

करूळचा घाट चढून टेम्पो आला, चारला.
हौसाबाईनं बर्फाखालून शिंगाळा ओढला,
मला बघून म्हणाली, "आलीस? आज बी दात मोजणार?"

पाठीचा काटा तिनं आधीच मोडलेला.
"हात फाटतोय, दोन दिस ठणकतंय."
मी म्हटलं, मावशी, काटाच तर हवा होता.
त्याच्या दातऱ्या पुढून की मागून, ते लिहायचं असतं.
मग घमेल्यात चाचपून
तिनं तो शोधून दिला, लुगड्याला पुसून.

लॅबमध्ये पट्टी, चिमटा, पांढरा ट्रे.
लांबी एकतीस सेंटिमीटर, शेपटी सोडून.
मिशा सहा. वरच्या दोन कल्ल्याच्या पुढं जातात.
खवले नाहीत.
चरबीचा पर आहे, त्यावर काळसर डाग.
रंग...
समुद्रात कसला होता कोण जाणे,
कोल्हापुरात पोचेस्तोवर सगळेच करडे.
मी लिहिलं, "मेल्यावर करडा."
मगदूम मॅडम खोडतील.

जात मात्र ठरते टाळूवर.
दातांची ठिगळं किती,
एकमेकांना टेकलेली की लांब लांब.
चिमट्यानं जबडा उघडला
तर टाळू दिसेचना.
गोट्या. पिवळट, ओल्या, एकीला एक चिकटून.
सात घरंगळल्या ट्रेमध्ये.
प्रत्येकीत दोन काळे ठिपके,
माझ्याकडे लागलेले.

नर होता.
पोट चिरलं, आतडं दोऱ्याएवढं, रिकामं.
बाप तोंडात अंडी धरतो, तोवर खात नाही,
हे मी लिहिलेलं होतं एकदा, चार मार्कांना.
जाळ्यात सापडला की भीतीनं थुंकून टाकतो म्हणे.
यानं नाही टाकली.
बोटीवर नाही, बर्फात नाही,
घाटाच्या एकाही वळणावर नाही.

संध्याकाळी हौसाबाईला सांगितलं.
"असत्यात की. आमी बोट घालून काढून टाकतो,
गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय."
सुरी धुता धुता थांबली.
"किती हुती?"
सात बाहेर आली. आतली मोजली नाहीत.
"आन् दात?"
दात त्यांच्या खाली आहेत.
"मग तोंड रिकामं कराय लागंल की गं."
मी काही बोलले नाही.
तिनंही पाण्याची बादली उचलली.

शाई फॉर्मालिनमध्ये सुटते,
म्हणून चिठ्ठी पेन्सिलीनं लिहितात:
नमुना सतरा. नर. लक्ष्मीपुरी बाजार.
जात, आणि पुढं कोरी जागा.
बरणीत तो तिरका उभा आहे,
जबडा मी पुन्हा मिटवला,
त्या सात आत ठेवून.
थोडा दाबावा लागला.