स्थळपाहणी

वाळपईच्या मामलेदार कचेरीत माझं काम
चुली मोजण्याचं.
फॉर्मवर असं लिहीत नाहीत, तिथं असतं
'कुटुंब विभक्त असल्याची खात्री करावी.'
मी स्कूटर लावते, चप्पल काढते
आणि थेट स्वयंपाकघरात शिरते,
जिथं सोयरेसुद्धा विचारून जातात.

गावसांच्या घरी गेले ती काजूच्या दिवसांत.
अंगणभर बोंडांचा आंबूस वास, माश्या.
थोरला शाबलो बिया वाळत घालत होता,
धाकटा प्रेमानंद खाणीवरचा ट्रक थांबल्यापासून घरीच.
"वेगळे झालो," दोघं म्हणाले,
शाळेत पाढे म्हणावेत तसे एका सुरात.

मागच्या पडवीत नवा गॅस.
बटणांवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं.
भिंतीला काजळी नाही, ओट्यावर हळदीचा डाग नाही.
"आज काय रांधलं?"
धाकटी सून, सुलक्षा, म्हणाली, "चहा."
कप थोरलीच्या चुलीजवळ निवत होते.

सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही.
वेगळं कार्ड म्हणजे वेगळा तांदूळ,
वेगळ्या गृहिणीच्या खात्यात महिन्याचे पैसे.
सरकारला एका घरात एकच बाई दिसते,
दुसरी दिसायला दुसरी चूल लागते.
मी खरं लिहायला पेन उघडलं.
तेवढ्यात सुलक्षानं विचारलं, नवऱ्याकडे पाठ करून,
"कार्डावर पहिलं नाव माझंच ना?"
"हो. थोरली बाई कुटुंबप्रमुख. कायदाच आहे."
तिनं ओढणीच्या टोकानं
गॅसवरची नसलेली धूळ पुसली.

मी लिहिलं: चूल वेगळी.

दीड वर्षानं पुन्हा जावं लागलं.
तक्रार होती, आई कोणाच्या कार्डात?
आई आपल्याकडेच हवी म्हणून भांडणारे मुलगे
मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिले.
तिचा पाच किलो तांदूळ. तिची पेन्शन.
आणि अगदीच तेवढंच असेल असंही नाही,
प्रेमानंदचा आवाज मध्येच फाटला.

पडवीत आता चिऱ्याची भिंत, गिलावा न केलेली.
काजळी खरी. डाग खरे.
मी खोटं लिहिलं होतं,
ते त्यांनी रोज तीन वेळा शिजवून खरं केलं होतं.
सुलक्षाच्या फळीवर डबे,
प्रत्येकावर तिच्या अक्षरात: साखर, कुळीथ, सोलं.
तिनं मला "बसा" म्हटलं.
पूर्वी हे म्हणायचा हक्क थोरलीचा.
थोरली काहीच बोलली नाही.
तिच्या चुलीवर पातेलं तेच, नऊ जणांचं,
तळाशी चौघांपुरतं हुमण.

गोपिकाबाय मधल्या पायरीवर नारळ फोडत होती.
एक कवड भिंतीच्या अल्याड दिली, एक पल्याड.
थोड्या वेळानं दोन्हीकडून
तिरफळाचा तोच वास आला,
एकाच हातानं शिकवलेला.
"तू जेवतेस कोणाकडे?" मी विचारलं.
"जिथं आधी शिजेल तिथं."
फॉर्मवर चौकोन दोनच होते.
मी पेनाचं टोपण चावत राहिले.

मग तिनंच विचारलं,
"बाय, तुज्या कार्डार कितले जाण?"

"एक."
नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेला,
आधी फोन रोज, मग रविवारी.
त्याचं नाव मीच कमी केलं, नियमाप्रमाणं,
अर्ज माझा, तपासणी माझी, सही माझी.
घरी गॅस एकच आहे.
त्याच्या एका बर्नरवर वर्तमानपत्र ठेवते.
एवढं सगळं तिला सांगितलं नाही.

तिनं हातातली कोयती खाली ठेवली.
"मगे जेवून वच," म्हणाली.
कुठल्या बाजूला, ते बोलली नाही.

चप्पल मी काढलेलीच होती.