शुक्रवार, आठ वाजता

आधी सांगितलं, शुक्रवारी आठला.
म्हणून मी साडेसातलाच केस विंचरून
टीव्हीपुढे बसले,
जणू काचेपलीकडून मीही त्यांना दिसणार होते.

शूटिंगच्या दिवशी जाळीच्या टोपीचा वळ
कपाळावरून पावडरने पुसला होता एका पोरीने.
मार्लिस तिचं नाव. म्हणाली,
व्हर्ना, प्रकाश छान घेते तुझी त्वचा.
बावीस वर्षं या शाळेच्या स्वयंपाकघरात
माझी त्वचा फक्त वाफ घेत होती.

शेफ टोबायस मिलर्स फोर्कमध्ये आला
तो चौदा गाड्या घेऊन. डोंगरातला आमचा एकुलता रस्ता
दोन तास अडला.
त्याने आमच्या फ्रीजरचं दार उघडलं
आणि रडला. खरंच रडला.
मग दिवा नीट पडला नव्हता म्हणून
परत उघडलं, परत रडला.

आत गोठलेला पिझ्झा, सरकारी चीज,
बटाट्याचे तळायचे गोळे,
ज्यांना जिल्ह्याच्या फॉर्मवर भाजी म्हणतात.
आणि गुलाबी दूध.
वाटलं, त्याला कुणीतरी सांगावं
एका ताटामागे मला किती सेंट मिळतात.
मीच सांगितलं. तेवढं त्यांनी कापलं.

पहिल्या भागात मी होते. खलनायिका.
मागे कसलंसं वाद्य घुंघुं करत होतं
आणि मी परात उचलत होते.
शेजारचा डेल्मर म्हणाला, छान उचललीस.

दुसऱ्या शुक्रवारी समोरच्या चॅनलवर
नाचाच्या स्पर्धेची अंतिम फेरी.
तिसऱ्या आठवड्यात आम्हाला उचलून
मंगळवारी नऊला टाकलं.
चौथ्यात टाकलंच नाही,
त्या जागी त्याच नाचाचा सारांश:
शिळ्या कढीला ऊत,
तेच चमकी लावलेले पाय, तेच परीक्षक,
तेच रडू.

कुठल्यातरी काचेच्या इमारतीत
एक माणूस असेल, आठवड्याच्या तक्त्यापुढे,
आम्हाला चिमटीत धरून
इकडून तिकडे ठेवत.
मीही ब्रोकोली अशीच सरकवते पोरांच्या ताटात,
आज पिझ्झ्याशेजारी, उद्या मक्याखाली लपवून,
खातील, कधीतरी खातील,
आणि मग कचऱ्याच्या डब्यात.
त्याच्यावर राग नाही माझा.
परत काय आलं ते मोजायचं,
एवढंच काम आहे दोघांना.

पण कोल्बी रॅटलिफ. दुसरीतला.
त्याने पाचव्या भागात बीट खाल्लं.
आयुष्यातलं पहिलं.
चार वेळा खाल्लं, कारण पहिल्यांदा मान खाली होती,
दुसऱ्यांदा वरून विमान गेलं,
तिसऱ्यांदा शेफच्या टाळ्या उशिरा पडल्या.
चौथ्यांदा जांभळ्या ओठांनी असा हसला
की मार्लिस हातातली पावडर विसरली.

रोज ट्रे पुढे करून विचारायचा,
मला कधी दाखवणार?
शुक्रवारी, मी म्हणायचे.
कुठल्या, ते नाही.
शुक्रवार काय, संपत नाहीत.

जूनमध्ये मुख्याध्यापकांना पत्र आलं, दोन ओळींचं.
उरलेले भाग दाखवायचे नाहीत असं ठरलंय.
त्यात माझं नाव नव्हतं,
त्याचंही नव्हतं.

सप्टेंबरपासून गुलाबी दूध परत आलंय.
बुधवारी मी बीट आणते, भावाच्या वाफ्यातलं,
थोडंच, फॉर्मवर न लिहिता.
बहुतेक परत येतं.

कोल्बी आता तिसरीत. आता विचारत नाही.
एक फोड काट्याला टोचतो,
तोंडात घालण्याआधी वर बघतो,
छताच्या कोपऱ्यात, जिथे धुराच्या अलार्मचा
लाल दिवा लुकलुकतो,
आणि त्याच्याकडे तोंड करून
चावतो,
सावकाश.
मग आणखी एक घेतो,
पहिली नीट आली नसेल म्हणून.